एकदाच उघडलेलं छप्पर

मी एक उघड्या छपराची लाल मोटार आहे. तशी जुनी, पण माझ्याकडे बघून कोणाला ते पटत नाही. उघड्या छपराची म्हणजे बटण दाबलं की जिचं छप्पर मागे घडी होऊन बसतं अशी. ते बटण दाबणारं बोट मात्र कारखान्यात बसवून देत नाहीत.

मित्रांनो, माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. तिथं माझं छप्पर इतक्या वेळा उघडून मिटून बघितलं गेलं की माझ्या वाट्याचं बहुतेक आकाश तिथंच संपलं. ते आकाशही पत्र्याचं होतं आणि त्याला ट्यूबलाइट लावलेल्या होत्या. तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही मजा करणार." मग त्या बस पकडायला गेल्या.

तिथून मी शोरूममध्ये आले. काचेच्या भिंती, गुळगुळीत फरशी आणि शेजारी एक राखाडी सेडान. चार दारं, उंच सीट, आणि डिकी एवढी मोठी की तिच्यात एखादं बिऱ्हाड सहज राहिलं असतं. मला ती ऑफिसला डबा घेऊन जाणाऱ्या मावशीसारखी वाटायची. तिला मी कशी वाटायचे ते तिनं कधी सांगितलं नाही. त्यातच काय ते आलं.

एके दिवशी एक कुटुंब आलं. दातांचे डॉक्टर, शाळेत गणित शिकवणाऱ्या त्यांच्या पत्नी, आणि डॉक्टरांचे वडील. वडिलांना सगळे बाबा म्हणायचे. बाबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादांचं, केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, एक लांब आरसा. आयुष्यभर उभं राहून बाबांचे गुडघे असे झाले होते की ते वाकायचे, पण मनापासून नाही. उंच खुर्चीवर बाबा आरामात बसत. त्याहून खाली जायची गुडघ्यांची तयारी नव्हती.

या दोन भावांची एक रीत होती. सुट्टीच्या दिवशी ते एकमेकांचे केस कापायचे. तिसऱ्या माणसाच्या हातात दोघांनीही कधी डोकं दिलं नव्हतं. दुकान बंद झालं, दादा कमरेतून मोडून अंथरुणाला खिळले, तरी रीत मोडली नाही. बाबा दर महिन्याला घरच्या जुन्या, उंच गाडीतून शहराच्या दुसऱ्या टोकाला दादांकडे जायचे आणि डोकं हलकं करून यायचे. ती गाडी आता मोडीत काढायची होती. म्हणून ही सगळी मंडळी शोरूममध्ये आली होती.

डॉक्टर माझ्यासमोर येऊन उभे राहिले ते हललेच नाहीत.

"अहो, इकडे या," गणिताच्या बाई सेडानजवळून म्हणाल्या. "हिचं मागचं दार बघा केवढं उघडतं."

"अगं, जन्मभर लोकांच्या उघड्या तोंडात बघत आलोय," डॉक्टर म्हणाले. "आता जरा वर बघू दे."

"वर बघायला आपल्याला गच्ची आहे."

"गच्ची चालते का?"

बाईंनी सेल्समनला विचारलं, "या लाल गाडीत मागे माणूस बसतो का?"

"बसतो ना मॅडम," सेल्समन म्हणाला. "म्हणजे, कसला माणूस त्यावर आहे."

तोवर बाबा सेडानच्या मागच्या सीटवर बसून पाहूनही आले होते. अगदी सहज. दार उघडलं, बसले, उतरले. चेहऱ्यावर अशी शांतता होती की जणू दादांकडे पोचलेच. मग डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, तुम्ही सांगा. कोणती घेऊ?"

आता इथं नीट लक्ष द्या, मित्रांनो. ज्या माणसानं आयुष्यभर केस कापले, त्याला एक सवय लागलेली असते. खुर्चीतल्या माणसाला काय ऐकायचंय ते तो आरशात बघून ओळखतो आणि तेच बोलतो. बाबांनी मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लालच छान दिसते तुला."

डॉक्टरांनी ते खरं धरलं. मुलानं वडिलांचं ऐकल्याची ही त्या घरातली बहुधा पहिलीच वेळ असावी.

अशी माझी निवड झाली. माझं कौतुक फार झालं. कॉलनीतले लोक माझ्यासोबत फोटो काढायचे, काहीजण तर डॉक्टरांना जरा बाजूला व्हायला सांगून. माझ्यासाठी मऊ फडकी आली, खास शॅम्पू आला, मखमली अस्तराचं आच्छादन आलं, आणि ते आच्छादन मळू नये म्हणून त्याच्यावर घालायला एक प्लास्टिकचं आच्छादन आलं. दाढा बघायच्या छोट्या आरशानं डॉक्टर माझ्या चाकांच्या आतली बाजू तपासायचे. एकदा चुकून "आ करा" म्हणाले.

छप्पर मात्र उघडेना. उन्हानं सीटचा रंग जाईल. धूळ बसेल. पक्षी आहेत. वारा आहे, डॉक्टरांचे केस विरळ आहेत. आभाळ भरून आलं तर छप्पर बंद, आणि निरभ्र असेल तर ऊन आहे म्हणून बंद. वर बघायचं म्हणून घेतलेली गाडी, आणि डॉक्टर रोज माझ्या छताचं अस्तर बघत दवाखान्यात जायचे.

मग बाबांची दादांकडे जायची वेळ आली. मला दारं दोनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून मध्ये घुसावं लागतं. पुढे बसायचं तर मी इतकी बुटकी की जमिनीवर मांडी घालून बसल्यासारखं होतं.

"बाबा, आधी डोकं घाला," डॉक्टर म्हणाले.

"डोकं आलंय रे आत. गुडघा यायला तयार नाही."

"तिरके व्हा."

"तिरकाच आहे. आता सरळ कसा होऊ ते सांग."

बाईंनी टॅक्सी बोलवायला फोन काढला. बाबांनी हात धरून थांबवलं. "सूनबाई, दादाला मी लाल गाडीचं इतकं सांगितलंय. आता भाड्याच्या गाडीतून उतरू? जन्मभर ऐकवेल तो मला." डॉक्टरांनाही ते पटलं. दारात अशी गाडी असताना वडील टॅक्सीनं जातायत, हे लोकांना दिसणं बरं नव्हतं. घरात गाडी नसती तर बाबा त्याच दिवशी दादांकडे पोचले असते.

शेवटी तोडगा काढला कॉलनीच्या वॉचमननं. त्याचं म्हणणं, खालून जात नाही ते वरून जातं. छप्पर उघडा, बाबांना वरून सोडा.

आणि मित्रांनो, छप्पर उघडलं. इतके दिवस मिटून असलेलं माझं कापड कुरकुरत मागे गेलं आणि वर खरंखुरं, ट्यूबलाइट नसलेलं आकाश आलं. वॉचमन, दूधवाला आणि वरच्या मजल्यावरच्या दोघांनी बाबांना एका खुर्चीसकट उचललं, माझ्या दारावरून आत घेतलं आणि खुर्चीतून मागच्या सीटवर लांब पाय करून अलगद ठेवलं.

"काचेचं सामान आहे," बाबा म्हणाले. "ही बाजू वर ठेवा."

त्या दिवशी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. बाबांच्या वाढलेल्या केसांत वारा शिरला होता आणि ते प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या माणसाकडे बघून मान हलवायचे, जसं काही ओळखच आहे. दादांची खोली तळमजल्यावर, रस्त्याला लागून. खिडकीखाली मी उभी राहिले. उतरताना लोक जमले, पण उतरले एकदाचे.

पलंगावर उशांना टेकून दादा बसले होते. बाबांनी आधी त्यांचे केस कापले. दादा सारखे कुरकुरत होते. "डाव्या बाजूला जास्त गेले. तुला कधी जमलंच नाही डावीकडचं."

"मान हलवू नकोस. कान राहायचा नाही."

"नको राहू दे. तुझं बोलणं तरी कमी ऐकू येईल."

मग बाबा पलंगाला पाठ लावून खुर्चीत बसले आणि दादांनी त्यांचे कापले. दादांचे हात थरथरत होते, पण कात्री डोक्याला लागली की थांबायचे. मी खिडकीतून ते सगळं बघितलं. माझ्या आयुष्यात मी बघितलेलं चांगलं असं ते एवढंच.

परत येताना कॉलनीच्या फाटकाशी डॉक्टरांचा एक वर्गमित्र भेटला. तो डोळ्यांचा डॉक्टर होता, तरी मागे लांब पाय करून बसलेल्या बाबांकडे बघून त्यानं विचारलं, "काय रे, कपाट हलवतोयस का?" आजूबाजूचे हसले. बाबाही हसले. डॉक्टर हसले नाहीत.

पुढच्या महिन्यात बाबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बाबा, छप्पर अडकलंय. पार्ट मिळत नाहीये."

मित्रांनो, माझं छप्पर अडकलेलं नव्हतं.

बाबांनी बटणाकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि "बरं" म्हणाले. दुकानात ते ज्या आवाजात "छान" म्हणायचे, त्याच आवाजात.

त्यानंतर बाबा पार्किंगमध्ये खुर्ची टाकून माझ्या शेजारी बसायचे आणि दादांना फोन करायचे. दादांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन मोठ्या आवाजावर असायचा, त्यामुळे मला आणि कॉलनीला सगळं कळायचं.

"धाकट्या, केस मानेवर आलेत माझ्या. ये की."

"येतो. छपराचा पार्ट यायचाय."

"माझ्या मुलानं एक पोरगं आणलं होतं कापायला. मशीन घेऊन आलं. डोकं आहे का लॉन आहे? परत पाठवलं."

"बरं केलंस. मी येतो."

"तुझे किती वाढलेत?"

"कानावर आलेत."

"छान दिसत असशील," दादा म्हणाले. त्यानंतरही दोघांपैकी कोणी फोन ठेवला नाही.

गणिताच्या बाई घरात यावरून भांडायच्या. त्यांचा आवाज खालपर्यंत यायचा. "खोटं तुम्ही बोलताय आणि बाबांचं 'बरं' मी ऐकायचं का?" त्यांनी पुन्हा टॅक्सीचा विषय काढला. बाबा म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात पार्ट येईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. तो पार्ट कुठूनही येणार नाही हे बाबांना माहीत होतं असं मला वाटतं. पण मुलाला खोटं पाडायला ते तयार नव्हते. बाकी पडायचं ते पडो.

एका सकाळी दादा गेल्याचा फोन आला.

त्या दिवशी कोणी काही विचारलं नाही. बाईंनी टॅक्सी बोलावली आणि बाबा मुकाट्यानं तीत बसले. हातात कात्री आणि कंगव्याची पिशवी होती. डॉक्टर मला घेऊन मागून आले, छप्पर बंद ठेवून. त्याच खिडकीखाली मी उभी राहिले. आत नातेवाईक जमले होते. दादांचे पांढरे केस मानेखाली उतरले होते. बाबा पलंगाशी उभे राहिले आणि त्यांनी कापायला सुरुवात केली. कोणीतरी म्हणालं, उशीर होतोय. बाबा थांबले नाहीत. डावीकडचं त्यांनी पुन्हा पुन्हा नीट केलं. चूक काढायला कोणी नव्हतं.

डॉक्टर दारात उभे होते. त्या दिवशी त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

महिन्याभरात घरी सेडान आली. राखाडीच. डॉक्टरांनी ती माझ्या शेजारी लावली, मागचं दार उघडून ठेवलं आणि बाबांना खाली आणलं. बाबांचे केस आता कॉलरवर रुळत होते. दार उघडं होतं म्हणून ते आत बसले. गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

"कुठं नेऊ, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं. "सांगा तुम्ही. आत्ता निघू."

बाबांनी सीटवर हात फिरवला. "छान आहे," म्हणाले. मग थोड्या वेळानं म्हणाले, "कुठं नाही रे. आता कुठं जायचंय?" आणि सहज उतरून लिफ्टकडे गेले.

डॉक्टर ते उघडं दार धरून बराच वेळ उभे होते. मग त्यांनी ते बंद केलं, आणि सवयीनं फडकं घेऊन पुसलं.

मित्रांनो, आपली निगा राखा असं बहुतेक वस्तू तुम्हाला सांगतात. मी सांगणार नाही. माझी निगा फार चांगली राखली गेली. माझ्यावर ओरखडा नाही, सीट कोऱ्या आहेत, छप्पर अजून पहिल्या दिवसासारखं चालतं. तुमच्या घरी गाडी घ्यायची वेळ येईल तेव्हा लाल घ्या, राखाडी घ्या, मला काही फरक पडत नाही. फक्त घरातल्या ज्या माणसानं "तुला आवडते ती घे" म्हटलं असेल, त्याला कुठं जायचंय ते विचारा. आणि गाडी पुसायच्या आधी त्याला तिथं सोडून या.