पाहिले, पण कुणी?

मी ‘पाहिले’चा शिक्का बोलतोय. पण माझ्या शब्दावर भरवसा ठेवू नका. शाईच्या डबीपलीकडचं जग मी कधी पाहिलेलं नाही.

शिक्केवाल्याने मला रबरात उलट्या अक्षरांनी कोरलं, लाकडी मूठ बसवली आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात धाडून दिलं. जन्मच उलटा, स्वभाव सरळ कुठून येणार? विभागप्रमुख सर फोनवर बोलता बोलता मला कागदांवर आपटत. ते कागद वाचत नाहीत, हे मी पहिल्याच आठवड्यात ताडलं.

यंदा अभ्याससहलीची आखणी नव्या मॅडमकडे आली. त्यांची पहिलीच सहल. बत्तीस मुलामुलींना जुन्या खाणीत नेऊन खडकांचे थर दाखवायचे होते. पिण्याच्या पाण्यापासून मलमपट्टीपर्यंत त्यांनी सगळं लिहिलं. ‘जागेची पाहणी’ हा रकाना तेवढा कोरा ठेवला, सरांना विचारून भरायला. सरांनी नेमकं तिथेच मला उमटवलं.

“अगंबाई, सर स्वतः जाऊन आले वाटतं!” मॅडम हरखल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहलीच्या आदल्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेतले काका हातोड्या काढत होते. माणूस माझ्यासारखाच संशयी.

“मॅडम, खाण पाहिली कुणी?”

“सरांनी. शिक्का आहे की!”

काकांनी फाइल थेट सरांपुढे ठेवली. सर म्हणाले, “अहो, मी कागद पाहिला. जागा मॅडमनी पाहिली असेल ना?”

म्हणजे खाण कुणीच पाहिली नव्हती.

मॅडम आणि काका तडक खाणीकडे गेले. परतल्यावर मॅडमनी सांगितलं, “सर, मुलांना जिथे उभं करणार होते, तिथे वरचा कडा कोसळलाय.”

सहल पुढे ढकलली. माझ्या ठशावर मॅडमनी लाल फुली मारली. वाईट वाटलं, पण माझ्या लायकीचंच होतं ते.

आज नव्या जागेचा आराखडा आला. सरांचा हात सवयीने माझ्याकडे वळला आणि थांबला. “पाहून येतो,” म्हणत ते निघाले. कँटीनपर्यंत जातील आणि चहा पिऊन परततील, अशी माझी पक्की खात्री होती. दुपारी आले तेव्हा त्यांचे बूट चिखलाने भरले होते. त्यांनी पेन घेतलं आणि रकान्यात आपल्या हाताने लिहिलं, ‘पाहिली’.

तुमच्या कागदावरही कधी मी भेटेन. तेव्हा साहेबांचे बूट आधी बघा.