उसनं दिलेलं वय

माझ्या सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याचं वय उसनं मागितलं तेव्हा आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. नवऱ्याने ते मीठ पुढे सरकवावं तितक्या सहज देऊन टाकलं.

बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, चष्म्याचं दुकान होतं. काचा घासून फ्रेममध्ये बसवण्यात त्यांची हयात गेली. गुडघे कुरकुरायला लागले तसं त्यांनी दुकान माझ्या नवऱ्याच्या हवाली केलं आणि जाहीर केलं, "आजपासून मी वानप्रस्थात." आमच्या आसपास वन नव्हतं, म्हणून ते सोफ्यावर गेले. तिथून दिवसभर दुकानात फोन करायचे. काउंटर पुसला का? गिऱ्हाईक काय म्हणालं? त्याला उन्हात काळी होणारी काच दाखवली का?

सासूबाईंना मी आई म्हणते. त्या दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत पुराणातल्या गोष्टी सांगतात. त्या महिन्यात त्यांचा विषय होता चार आश्रम. आईंच्या भाषेत सांगायचं तर पहिल्यात शिकायचं, दुसऱ्यात सांभाळायचं, तिसऱ्यात हात सैल करायचा आणि चौथ्यात हात झटकून चालू लागायचं. त्यावर त्यांनी त्या जुन्या राजाची गोष्ट सांगितली. सासऱ्याच्या शापाने त्याला भर तारुण्यात म्हातारपण आलं. त्याने एकेका मुलाकडे तारुण्य मागितलं. थोरल्यांनी कानावर हात ठेवले, धाकट्याने दिलं. राजाने हजार वर्षं मौज केली, तरी मन भरलं नाही. शेवटी त्याने मुलाचं तारुण्य परत केलं आणि तो वनात गेला.

श्रोत्यांनी यातून त्याग घेतला. बाबांनी युक्ती घेतली.

"अरे," ते जेवताना म्हणाले, "तुझं वय मला देतोस का थोडे दिवस?"

"घ्या."

"नीट विचार कर."

"तुम्हीच करा, बाबा. लोक आपल्याकडे येऊन फ्रेमा घालून बघतात, आरशासमोर फोटो काढतात आणि घरी जाऊन मोबाइलवरून मागवतात. या वयात एवढंच आहे. हवं तर आत्ता घ्या."

आई म्हणाल्या, "अहो, जेवा गुपचूप." पण नवरा उठलाच. मोरीपाशी गेला, पेलाभर पाणी घेतलं, बाबांच्या ओंजळीवर सोडलं आणि म्हणाला, "माझ्या तारुण्यावर मी पाणी सोडलं." मग हात पुसून तो परत जेवायला बसला. पहिल्याच घासाला त्याची दाढ ठणकली.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्याही आधी हा उठून बसला होता. पेपर हाताच्या टोकाला धरून म्हणत होता, "हल्ली छपाई बिघडलीय." बाबा आठ वाजेपर्यंत घोरत पडले होते आणि उठवल्यावर चिडले. चेहरे दोघांचे आपापलेच होते, केसही. आतलं सगळं बदललं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे ऐकीव गोष्टीवर माझा विश्वास नाही. मी नवऱ्याला पलंगावर आडवं केलं आणि त्याचा गुडघा वाकवला. आतून खडीवरून चाक गेल्यासारखा आवाज आला. हा आवाज मी ओळखत होते. दोन वर्षं मी त्यालाच शेक देत होते, फक्त तो बाबांच्या पायात होता. दुकानात जाऊन डोळेही तपासले. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ बाबांनी घडाघडा वाचली आणि खालच्या कोपऱ्यातलं छापखान्याचं नावही वाचलं. माझ्या नवऱ्याला चाळिशी लागली, तीसुद्धा चाळिशी उलटायच्या आत.

बाबा सुटले. त्यांनी शिडीवर चढून दुकानाची पाटी धुतली. पिवळे बूट घेतले. पोहायला जाऊ लागले. ओले केस मागे फिरवत दुकानात उभे राहायचे. गिऱ्हाइकं पांढऱ्या केसांच्या माणसाला 'दादा' कशी म्हणू लागली हे त्यांचं त्यांनाच कळलं नसेल. इकडे माझीच जीभ दगा देऊ लागली. नवऱ्याला मी लग्नाआधीपासून अरे-तुरे करते. एका सकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, गोळी घेतलीत का?"

"घेतली गं बाळ," तो म्हणाला.

त्या दिवशी मी कामावर दोन पेशंटांचे खांदे जरा जास्तच ताणले.

वाईट वाटायचं ते याचं, की तो सुखात होता. संध्याकाळी बागेतल्या बाकावर म्हाताऱ्यांमध्ये बसायचा. ते त्याला मान द्यायचे, कारण त्याला त्यांच्या मोबाइलमधलं सगळं कळायचं आणि दुखणी त्यांच्याच बरोबरीची होती. घरी आला की आरामखुर्चीत मिटल्या डोळ्यांनी म्हणायचा, "आता कसला मोह म्हणून राहिला नाही."

"चहा करू नको ना मग?"

"चहा हा मोह नाही, पथ्य आहे."

"आणि माझ्या गृहस्थाश्रमाचं काय? तो अर्धाच झालाय."

"शेवटी सगळं अर्धंच राहतं," असं म्हणून त्याने पायावर शाल ओढून घेतली. शालही बाबांचीच होती.

एका रविवारी बाबा म्हणाले, सगळे टेकडीवर जाऊ. नवरा पायथ्याच्या बाकाला चिकटला. मी आणि आई पायऱ्या चढू लागलो. बाबा दोन-दोन पायऱ्या घेत दिसेनासे झाले. वरून त्यांनी हाक मारली, खाली आले, परत वर गेले, परत हाक मारली. अर्ध्या वाटेवर आई एका पायरीवर टेकल्या. मीही बसले. पुन्हा बाबा खाली आले तेव्हा त्यांना दम लागलेला नव्हता, पण चेहरा पडला होता.

"काय आहे वर?" आईंनी विचारलं.

"वर कोणीच नाही," बाबा म्हणाले आणि त्यांच्या शेजारी बसले. आईंना सोबत म्हणून त्यांनी उगीचच धापा टाकून पाहिल्या, पण ते जमलं नाही.

घरी येताच त्यांनी पेला भरला. "हे घे रे तुझं वय."

"नको," नवरा म्हणाला.

"नको म्हणजे? उसनं होतं ते!"

"उसनं परत मागायचं ते देणाऱ्याने. मी मागितलेलं नाही."

"अरे, राजानेसुद्धा परत केलं!"

"आणि मुलाने घेतलं. तो त्याचा प्रश्न. मी इथे बरा आहे."

बापलेक शास्त्रावरून हमरीतुमरीवर आले. बाबा ओरडत होते, नवरा म्हाताऱ्याच्या शांतपणाने उत्तरं देत होता, त्यामुळे बाबा आणखी ओरडत होते. आई कोथिंबीर निवडत होत्या. मधेच त्यांचा हात थांबला.

"राजाच्या राण्यांना कोणी विचारलं होतं का?" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगते. नवऱ्याला म्हातारपण आलं, गेलं, परत आलं. त्या बायकांचं काय झालं हे मलासुद्धा कधी विचारावंसं वाटलं नाही."

माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे. "आई," मी म्हटलं, "माझं वय तुम्ही घ्या."

मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. आपल्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांना मोह झाला होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

"तुला जड जाईल गं."

"मला आत्ताच जातंय."

मी त्यांच्या ओंजळीवर पाणी सोडलं. माझी पाठ खांद्यांपासून खाली उतरत गेली, एखादा जिना उतरावा तशी. आई उठल्या, नुसत्या उठल्या, गुडघ्यावर हात न ठेवता. "अहो," त्या बाबांना म्हणाल्या, "बूट घाला." आणि दोघं दार ओढून निघून गेली.

आम्ही दोघं म्हातारी उरलो. चार वाजता नवऱ्याने चहाऐवजी कॉफी मागितली. बरणीचं झाकण घट्ट होतं. माझे अंगठे लागेनात. मी ती त्याला दिली. त्याने मांडीत धरली, दात आवळले, परत मला दिली.

"तुला तर या सगळ्याच्या युक्त्या माहीत आहेत," तो म्हणाला.

"युक्त्या माहीत आहेत. अंगठे आईंचे आहेत."

आम्ही ती बरणी मधे ठेवून तिच्याकडे बघत बसलो. मग त्याला खुर्चीतून उठायचं होतं, आणि रोज मी हात द्यायचे तो हात आता द्यायला नव्हता. मी दिला तर आम्ही दोघंही परत खाली बसलो, तो खुर्चीत आणि मी त्याच्या मांडीवर. हसू आलं, पण हसताना माझ्या बरगडीत कळ आली.

"एक सांगू?" तो म्हणाला. "म्हातारपण छान होतं ते तू तरुण होतीस म्हणून."

"हे कळायला तुला एक कॉफीची बरणी लागली."

आई-बाबा दिवेलागणीनंतर परतले. दोघांच्या कपड्यांना गवत चिकटलं होतं. काय हसत होते! आपलं वय परत घ्यायला नवरा पेला भरून तयारच होता, पण आता त्या दोघांना वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी आई पोहायला गेल्या. तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून दुकानाला रंग दिला आणि एकमेकांनाही फासला. आम्ही घरात भिंत धरून चालत होतो आणि कोणी बरणी उघडून देईल का याची वाट बघत होतो.

मग गुरुवार आला. आई वाचनालयातून परत आल्या आणि पर्स न ठेवताच बसल्या.

"आज गोष्ट फसली."

"लोक उठून गेले?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. टाळ्या वाजवल्या. आधी ते कधी वाजवायचे नाहीत, नुसते बसून राहायचे." त्यांनी पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "राजाला म्हातारपण आलं असं म्हटलं आणि मी पुढे पळाले. आधी मी तिथे थांबायचे. आज थांबण्यासारखं काही दिसलंच नाही. परत देऊन टाकू या."

बाबांचा चेहरा उतरला. "अगं, आत्ता कुठे मजा यायला लागली होती."

"म्हणूनच. रविवारी तुम्ही परत करत होतात ते कंटाळून. कंटाळल्यावर टाकलं तर त्याला सोडणं म्हणत नाहीत. त्याला केर काढणं म्हणतात." मग त्या माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुला खुर्ची सोडवत नव्हती. तू कसला रे विरक्त?"

नवरा भिंत धरत मोरीकडे निघाला.

मोरीपाशी चौघांची गर्दी झाली. आईंनी माझ्या ओंजळीवर पाणी सोडलं, लगेच, डोळे मिटून. बाबा पेला धरून उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. त्यांनी उजवा गुडघा एकदा वाकवून पाहिला, सरळ केला, पुन्हा वाकवला. कोणी घाई केली नाही. मग त्यांनी पाणी सोडलं आणि आईंनी पुढे होऊन त्यांचं कोपर धरलं.

सोफ्यावरून दुकानात जाणारे फोन त्या दिवसापासून बंद झाले. बाबा आता विचारल्याशिवाय सल्ला देत नाहीत. अडलेली काच घासायला नवरा त्यांना बोलावतो, तेव्हा जातात, घासतात, परत येतात.

पण त्या गर्दीत थोडी सांडलवंड झाली असावी. मला आता पहाटे चारला जाग येते आणि आई सकाळी उशिरापर्यंत गाढ झोपतात. त्या वेळी मी स्वयंपाकघरात येते तेव्हा बाबा आधीच तिथे असतात. पातेल्याचा आवाज होऊ नये म्हणून ते खाली फडकं घालतात आणि मला बोट ओठावर ठेवून दाखवतात. आम्ही दोघं काही न बोलता चहा पितो.