केरसुणीचं छप्पर

मी केरसुणी बोलतेय. हसू नका. सध्या मी आफ्रिकेतल्या एका आलिशान सफारी लॉजचं छप्पर आहे.

जन्म शिंदीच्या पानांचा, साताऱ्याचा. सुनंदाबाईंनी मला लक्ष्मीपूजनासाठी घेतलं, जुन्या साडीत गुंडाळलं आणि कुवेतला लेकाकडे आणलं. तिथे मंगफमधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये मला कपाटावर आडवं ठेवलं. पूजा होईपर्यंत नव्या केरसुणीने झाडायचं नसतं, म्हणून मी वाट पाहत पडून राहिले.

त्यांची सून शलाका आर्किटेक्ट. टांझानियातल्या लॉजचं डिझाइन तिचं: मातीच्या जाड भिंती, वारा खेळेल अशा खोल्या, वर गवताचं छप्पर. एसी नाही. मालक अब्बास साहेब इथलेच, कुवेतचे. 'एसी नाही' हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, छप्पर प्लास्टिकच्या गवताचं करा, दिसतं तसंच, खाली एसी लावू. शेवटचं मॉडेल बघून ते ठरवणार होते.

मॉडेल पुरं करायला शलाकाने घरी आणलं. छपराला तिच्याकडेही प्लास्टिकचंच गवत होतं. "ह्यानं काय डोंबल पटणार त्यांना!" म्हणत तिने वर कपाटाकडे, माझ्याकडे पाहिलं. मग कात्री आणली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुनंदाबाईंच्या हाती नुसती मूठ आली.

"अगं, केरसुणी कुठंय?"

शलाकाने टेबलावरच्या मॉडेलच्या छपराकडे बोट दाखवलं. "आई, चुकलंच माझं. पण उद्या साहेबांनी नाही म्हटलं ना, तर सगळं काम पाण्यात जाईल हो."

सुनंदाबाई चांगल्याच रागावल्या होत्या. तरी म्हणाल्या, "उचल ते. चौरंगावर ठेव. लक्ष्मी ती लक्ष्मीच, छपरावर बसली म्हणून काय झालं!" आणि अख्ख्या लॉजवर हळदकुंकू वाहिलं.

कुवेतला दिवाळीची सुट्टी नसते. सकाळी मी शलाकाच्या हवल्लीतल्या ऑफिसात होते. अब्बास साहेब वाकले.

"हा लाल रंग कसला?"

शलाकाने खरं ते सांगून टाकलं. "सर, हा झाडू आहे. काल आमच्याकडे त्याची पूजा होती."

"झाडूची?"

"हो."

त्यांनी माझ्यावरून बोट फिरवलं, वास घेतला. "प्लास्टिकच्या झाडूची करता?"

"नाही."

"मग हेच छप्पर ठेवा. एसी फक्त माझ्या खोलीत."

शलाका लिफ्टपर्यंतही पोचली नाही, आनंदाने तिथेच रडायला लागली. मलाही फार बरं वाटलं.

आता मी साहेबांच्या कुवेतमधल्या बैठकीत, मॉडेलसकट काचेच्या पेटीत असते. माझी मूठ मंगफच्या देवघरात. पाहुणे येतात, कौतुक करतात. एसी जोरात चालू असतो. पेटी कितीही घट्ट बंद केली तरी फटीतून धूळ येतेच आणि माझ्यावर बसते. ती काढायला एक माणूस येतो, प्लास्टिकचा ब्रश घेऊन.

मान मिळाला, तक्रार नाही. पण केरसुणीच्या जन्माला येऊन मी अजून एक कणही झाडलेला नाही हो! पुढच्या वेळी पेटी उघडाल, तेव्हा मला एकदा उलटी धरा. सोफ्यामागचा कोपरा मी बघून ठेवलाय.