घरात असेल ते

अंगठ्याच्या नखात शिरलेला तो तपकिरी कण काही केल्या निघत नव्हता — साबण झाला, ब्रश झाला, दुसऱ्या हाताच्या नखानं कोरून झालं, तरी तो तिथंच... आणि रचनाला वाटलं, सकाळपासूनचा सगळा राग आपण या एवढ्याशा कणावर काढतो आहोत. तंबाखूचा कण. बंड्या कुत्र्याच्या मांडीवरच्या जखमेतून तिनं आणि डॉक्टर निशांतनी अर्धा तास धुऊन धुऊन ती काढली होती. मूठभर तरी असेल, वर लुगड्याची हिरवी चिंधी घट्ट बांधलेली. जखमेतले किडे मेले होते. आता त्यांच्या मागोमाग कुत्राही निघाला होता.

टेबलावर तो थरथरत होता. तोंडातून लाळ, डोळे उघडे पण कुणाकडेच नाहीत, पाय मधूनच ताठ.

"जखमेतून भिनलीय, वर यानं चाटलीय," निशांत सलाईनची गती बघत म्हणाले. "संध्याकाळपर्यंत टिकला तर वाचेल, रचनाक्का. तोवर मला काही विचारू नका."

बरं, नाही विचारत. एरवी तरी मला कोण काय सांगतं? कुत्री आणायच्या गाडीचा ड्रायव्हर उद्यापर्यंत लग्नाला गेलाय ते मला त्याच्या बायकोकडून कळलं, मच्छे गावातल्या या कुत्र्यांच्या शेडला आज पाणी येणार नाही ते टाकी कोरडी पडल्यावर कळलं, आणि गेटला बांधून ठेवलेली म्हातारी लॅब्रेडॉर कुणाची, ते तर कधीच कळणार नाही — गळ्यात चिठ्ठी होती, 'स्वभावाने प्रेमळ आहे.' प्रेमळ आहे तर ठेवा की घरात! एकतीस कुत्री इथं, सगळी प्रेमळच आहेत...

बाहेर पायरीवर मंगलाक्का बसली होती. निपाणीहून भाजीच्या टेंपोत, बंड्याला मांडीवर घेऊन आलेली. हात रिकामे होते, तरी बोटं चालू होती — अंगठा आणि तर्जनी, न दिसणारं पान वळत. चाळीस वर्षं विड्या वळल्यावर बोटांना थांबायचं कसं ते माहीत नसावं. रचनानं ते पाहिलं आणि ती आणखीच चिडली, कारण अशा माणसावर नीट ओरडताही येत नाही.

पण ओरडायला हवंच होतं. किती सांगायचं यांना? मराठीत आणि कानडीत पत्रकं छापली, खेड्याखेड्यातून वाटली — जखमेत फिनेल नको, रॉकेल नको, चुना नको. तंबाखू... तंबाखू पत्रकात होती का? नव्हती बहुतेक. पण इतकंही कळू नये?

"मंगलाक्का, तंबाखू घालायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

मंगलाक्कानं वर पाहिलं. तिला प्रश्नच समजला नव्हता.

"तुमीच की, म्याडम. सकाळी फोन केल्ता न्हवं म्या? गाडी उद्या येतीया, तवर घरात आसंल ते लावून बांधा, म्हन्लासा. माज्या घरात दुसरं काय आसतंय? विड्यांच्या सुपातली घातली. चाळलेली, चांगल्यातली."

सकाळी. सात वाजता — फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला, हातात ओकणारं पिल्लू, भाताचं पातेलं उतू जात होतं, आणि एक बाई लांबण लावून सांगत होती की बंड्या सुपाजवळ बसतो, अंगावर पान पडलं तरी हलत नाही, आता दोन दिवस उठलाच नाही... घरात असेल ते लावा. हे वाक्य मी दिवसातून वीसदा म्हणते. माझ्या आईच्या घरात त्याचा अर्थ हळद. पण खरं सांगायचं तर मला हळदही म्हणायची नव्हती, मला फक्त फोन ठेवायचा होता.

लाज वाटली. मानेपासून कानापर्यंत गरम, सरळ लाज. 'चूक माझी आहे' — तीन शब्द, उभ्या उभ्या म्हणता आले असते.

"चहा घेतला का तुम्ही?" रचना म्हणाली.

"बंड्याचं कसं हाय? वंगाळ केलं का म्या कायतरी?"

रचना तिच्याशेजारी पायरीवर बसली. म्हणायला तोंड उघडलं आणि फोन वाजला. सांबऱ्याहून कुणी भरमू. कुत्रीच्या कानात किडे पडलेत, गाडी कधी येणार, आणि तवर काय लावू?

वाक्य जिभेवर तयार होतं. नेहमीसारखं, आपोआप. तिनं ते गिळलं. आत सलाईनच्या स्टँडला पाय आपटल्याचा आवाज झाला — झटका, की बंड्या उठायला बघत होता, कळायला मार्ग नव्हता, आणि मंगलाक्काची बोटं पहिल्यांदाच थांबली.

"भरमू," रचना म्हणाली, "तुमच्या घरात काय काय आहे, ते आधी सांगा. सावकाश सांगा. मी ऐकतेय."