मेणातले पाय

वीस वर्षं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फायबर जोडतोय मी. बंपर, टाक्या, काय फुटलेलं आसंल ते आणा, ख्वाजाकडं इलाज हाय. म्हणून माझ्या बायकोनं, नुजहतनं, ती सर्फिंगची फळी पुढ्यात ठेवली तवा न्हाय म्हणायला तोंडच नव्हतं मला.

फळी आमच्या पोराची, कामिलची. मालवणात लोकांस्नी लाटंवर उभं राहायला शिकवायचा. डिसेंबरात बुडून गेला. घर सोडून निघाला तवा मी त्याला काय म्हणालतो? "जा, बुड जा तिकडं." हेच शेवटचं. जीभ झडली का न्हाय माझी!

"शेपटाकडं चिरलीय. चार महिनं झालं, आजून खारं पाणी गळतंय," नुजहत म्हणाली. "माझ्यानं बघवत न्हाय. तेवढं बंद करा. पण वरच्या मेणाला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवते."

पाय घसरू नये म्हणून फळीवर मेण घासत्यात. त्या मेणात कामिलचं दोन्ही पाय उमटल्यात. रोज दुपारी नुजहत पलंगाखालनं फळी काढती आणि डाव्या अंगठ्याच्या खळग्यात आपलं बोट ठेवून बसती.

आठ दिवस फळी उभी करून पाणी निथळून घेतलं. आज नुजहत राजारामपुरीत डॉक्टरांकडं गेली आणि मी फळी गच्चीवर नेली. मेणावर कागद झाकला, कडंनं टेप मारली. भेग खरवडली, पॉलिश पेपर फिरवला, काचेची जाळी बसवली, रेझिनमध्ये हार्डनर कालवून वर ओढलं. इतकं जपून मालकाच्या गाडीचंबी काम केलं नव्हतं. आमच्यात जोड झाला की तुकडा उन्हात ठेवायचा, तवाच कडक हुतो. ठेवला. खाली जाऊन चहा प्यालो. लई दिवसांनी चहाला चव लागली.

तासाभरानं वर आलो. कागद तेलकट झालता, टेपंखालनं मेण ओघळून फरशीवर आलतं. कागद उचलला तर खाली नुसती पांढरी, गुळगुळीत फळी. आरं गाढवा, एप्रिलच्या उन्हात मेण ऱ्हातंय व्हय? शेंबड्या पोरालाबी कळतंय की! पण तुकडा उन्हात न्यायचा हे हाताला ठावं, डोक्याला कोण इचारतंय?

फळी सावलीत ओढली. फरशीवरचं मेण निपटून परत थापाय लागलो. पाय कसलं उमटत्यात, त्यात माझीच बोटं उठली.

नुजहत जिन्यानं वर आली.

"गळायचं थांबलं?"

"थांबलं."

तिनं फळी बघितली, मग माझं हात. वरडली आसती, शिव्या घातल्या आसत्या, तर बरं झालं आसतं.

"आता बुडाला त्यो," एवढंच म्हणाली आणि खाली गेली.