लाल बोयाला एक फेरी

रोवेना आरेंडसेला होडी बघायची होती आणि तिच्या मुलाला, लिंडनला, ती होडी आईच्या मनातून उतरवायची होती. अशी दोघं एकाच गाडीत बसून केपटाउनहून धरणाकडे निघाली, म्हणजे वाटेत काय झालं असेल ते सांगायला नको.

"ममा, बासष्ट वर्षांची झालीस तू."

"माहीत आहे. जन्माच्या वेळी मी तिथेच होते."

"शेजारच्या ॲबिगेलमावशी बघ, विणकामाच्या वर्गाला जातात."

"तिला वारा लागला की शिंका येतात. मला येत नाहीत."

लिंडन विमा कंपनीत होता. जगात काय काय बुडू शकतं, जळू शकतं आणि मोडू शकतं, याचा विचार करण्याचाच त्याला पगार मिळायचा. 

रोवेनाचा नवरा मर्विन जन्मभर होड्यांच्या कारखान्यात फायबरचे सांगाडे घासत होता. लोकांच्या मोठमोठ्या होड्या बांधून झाल्यावर त्याने स्वतःसाठी एक जुनी अठरा फुटी शिडाची होडी घेतली, ट्रेलरवर घालून गाडीमागे ओढून नेता येईल अशी. सव्वीस वर्षं, वारा असेल त्या प्रत्येक शनिवारी, दोघं या धरणावर आली, लिंडन लहान असताना त्यालाही गाडीत घालून. मग तो दुष्काळ पडला. धरणाचा तळ उघडा पडला, भेगाळला, आणि मर्विनने होडी विकून टाकली. रोवेनाला न विचारता. "पाणीच नाही तर होडी काय छपरावर ठेवू?" म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात तोही गेला. त्यानंतर पाऊस असा पडला की धरण काठोकाठ भरलं. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. रोवेना रागावली होती, आणि जीवही तितकाच लावून होती. दोन्ही एकाच मनात सुखाने नांदत होतं.

सारेलकाका लोरेन्स धरणावर, होडी पाण्यात उतरवायच्या उतारावर, ट्रेलरपाशी वाट बघत उभे होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उभा जन्म सफरचंदांच्या बागेत काढलेले, आता दोन्ही गुडघ्यांनी दगा दिलेले. म्हणूनच ते आपली होडी, 'टिंकी', विकत होते. त्यांनी लिंडनचा हात हातात घेतला, त्याला इंजिन दाखवलं, डोलकाठी दाखवली, तळातून पाण्यात सोडायचा कणा वर कसा ओढून घ्यायचा ते दाखवलं. लिंडन मान डोलवत होता. त्याला होडीचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं, एवढंच ठाऊक होतं, तेही अंदाजाने.

तेवढ्यात ट्रेलरखालून आवाज आला. "काका, कण्याजवळ हे ठिगळ कुणी भरलं?"

सारेलकाका वाकले. रोवेना खाली पाठीवर पडून बोटांच्या पेरांनी होडीचं पोट ठोकून बघत होती, कलिंगड घेताना बघतात तसं.

"मीच भरलं, बाई. दगडावर चढली होती."

"चांगलं भरलंय. पण घासताना कंटाळलात."

सारेलकाका हसले, आणि त्यानंतर लिंडनकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"माझी एक अट आहे," ते म्हणाले. "किंमत नंतर. आधी लाल बोयाला एक फेरी मारून आणायची. होडी तुम्ही हाकायची, मी बटाट्याच्या पोत्यासारखा मध्ये बसणार. एक शब्द बोलणार नाही. ज्याला फेरी मारता येत नाही, त्याच्या अंगणात ही सडायला मी देत नाही. गेल्या आठवड्यात एकाला परत पाठवला. दोन वाजता प्रिटोरियाचा एक दंतवैद्य येतोय, तो म्हणे शर्यती जिंकतो."

बोया, नांगरून ठेवलेला तरंगता गोळा, लांब, पाण्याच्या मध्यावर, लाल टिकलीएवढा दिसत होता.  रोवेनाला ही होडी हवी होती. अशी दुसरी मिळाली असती, नाही असं नाही, पण आज इथून हात हलवत परत गेली तर ती पुन्हा कधी येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग विणकामच.

"चालेल," ती म्हणाली.

तिघांनी मिळून डोलकाठी उभी केली. रोवेनाचे हात चालू लागले आणि लिंडन बघतच राहिला. तिने खिळी बसवल्या, तारा ताणल्या, पट्टे सोडले, पुढचं शीड अडकवलं, पुढचा दोर हातात घेतला. कुठेही अडली नाही. लिंडनने ट्रेलर गाडीला जोडून मागे घेत घेत पाण्यात उतरवला. रोवेना दोर धरून क्षणभर थांबली. कशासाठी थांबली ते तिलाही कळलं नाही.

"सोड ना, ममा!" लिंडन गाडीतून ओरडला.

तिने सोडली. टिंकी अलगद तरंगली. काय सुरेख तरंगली! आणि मग मागून हळूहळू बसायला लागली.

"बाई," सारेलकाका म्हणाले, "हिला तहान लागलेली दिसते."

रोवेनाने आत उडी मारली तेव्हा पाणी घोट्याच्या वर आलं होतं. बूच! मागच्या बाजूला, अगदी तळाशी भोक असतं. ट्रेलरवर असताना पावसाचं पाणी निघून जावं म्हणून ते उघडं ठेवतात आणि पाण्यात उतरवण्याआधी बूच ठोकतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

पण बूच मर्विनचं काम होतं. होडीचा पुढचा अर्धा भाग तिचा, मागचा त्याचा, अशी वाटणी कुणी न करताच झाली होती. तो मागून "बूच लागलं!" अशी आरोळी ठोकायचा आणि मग ती दोर सोडायची. सव्वीस वर्षांत तिने ते भोक एकदाही पाहिलं नव्हतं. आज ती त्या आरोळीसाठी थांबली होती.

होडी घाईघाईने परत ट्रेलरवर ओढून घेतली. मागून पाण्याची धार लागली. रोवेना ओल्या चपलांनी उतारावर बसली आणि चारचौघांत रडली.

लिंडन तिच्या शेजारी येऊन बसला. आता त्याच्या आवाजात विमा नव्हता. "पुरे ना, ममा. घरी जाऊ. तू प्रयत्न केलास."

"बूच न विसरलेला एकही माणूस या धरणावर नाही," सारेलकाका आकाशाकडे बघत म्हणाले. "आमच्या क्लबच्या अध्यक्षाने बक्षीस समारंभाच्या दिवशी, बँड वाजत असताना, होडी बुडवली. कोट घालून." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "पण अट ती अट. बोया काही जवळ येणार नाही."

रोवेनाने नाक पुसलं. धार थांबेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग सारेलकाकांकडून बूच मागून घेतलं, गुडघ्यावर बसून ते भोकात घातलं, तळहाताने ठोकलं, पुन्हा एकदा ठोकलं, आणि उभी राहून, सगळ्या धरणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा ओरडली, "बूच लागलं!"

गाडीत बसलेल्या लिंडनने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याचं सगळं लहानपण त्या दोन शब्दांत होतं. मग त्याने काच खाली केली आणि विचारलं, "घेऊ मागे?"

"घे."

या खेपेला टिंकी कोरडी तरंगली. लिंडन काठावर राहिला. सारेलकाका शब्दाला जागून मध्ये पोत्यासारखे बसले. रोवेनाने दोन्ही शिडं चढवली, काठाला पाय लावून होडी ढकलली, पुढे आपल्या जागेवर बसली आणि पुढच्या शिडाचा दोर ओढला. शीड असं ताणलं की एक सुरकुती राहिली नाही. होडीने वेग घेतला.

आणि ती भरकटायला लागली. मोठं शीड मागे नुसतंच फडफडत होतं. होडीचं तोंड वाऱ्यापासून फिरत फिरत थेट पाण्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांकडे वळलं.

"अरे, वाऱ्याकडे घे ना जरा," रोवेना पुढे बघतच म्हणाली.

कुणी घेतली नाही. तिने मान वळवून मागे पाहिलं. सुकाणूचा दांडा मोकळाच डुलत होता. त्याच्यामागची जागा रिकामी होती.

सारेलकाका आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. पोत्याने बोलायचं नसतं. झाडं पन्नास पावलांवर आली होती, त्यांच्या फांद्यांवर बसलेले पाणकावळे माना वर करून बघत होते.

ती जागा मर्विनने तिला कधी दिली नव्हती. खरं सांगायचं तर तिनेही कधी मागितली नव्हती. तिथे तो बसायचा, एक पाय लांब करून, टोपी डोळ्यांवर ओढून, सगळा भाग व्यापून. रोवेनाच्या मनात सगळा साठलेला राग एकदम वर आला. होडी विकताना विचारलं नाहीस. जातानाही विचारलं नाहीस. आणि रागाच्या मागोमाग त्याची आठवणही तितकीच आली.

तिने दोर खुंटीला अडकवला आणि उठली.

"सरक जरा," ती म्हणाली.

सारेलकाकांना वाटलं आपल्यालाच. ते निमूटपणे वीतभर सरकले. पण ती त्यांना ओलांडून मागे गेली, त्या जागेवर जरा कडेला बसली, एका हातात दांडा धरला, दुसऱ्या हाताने मोठ्या शिडाचा दोर ओढून घेतला आणि दांडा दूर ढकलला. टिंकीने तोंड फिरवलं. शीड भरलं, होडी कलली, पाणी कडेने सळसळत निघालं. झाडं मागे राहिली. समोर, नाकासमोर, लाल बोया होता.

अजून फेरी अर्धीही झाली नव्हती. सारेलकाकांनी पोतेपण सोडलं आणि हात पुढे केला. "बाई, होडी तुमची."

रोवेनाने त्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

"थांबा, काका," ती म्हणाली. "माझे दोन्ही हात गुंतलेत."