खालच्या मोहल्ल्यातली शेजारीण

समुद्र पाहून आल्यापासून शकुंतलाबाईंचं घरात लक्ष लागेना, आणि त्याचा सगळा दोष वासुदेवरावांनी मुलाला दिला. अतुल रत्नागिरीला नोकरीला होता. निवृत्तीनंतर दोघं नवराबायको त्याच्याकडे राहून आले. बाई रोज संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसत आणि वासुदेवराव मागे उभे राहून चपलेतली वाळू झटकत. "इथंच जवळपास एक लहानसं घर बघू या ना तुमच्यासाठी," असं अतुल म्हणाला, तेव्हा बाईंचा चेहरा असा उजळला की वासुदेवरावांनी मिठाची गुळणी धरली, ती थेट परतीच्या गाडीत बसेपर्यंत.

गाडी हलल्यावर म्हणाले, "उद्या मी गेलो त तू कोनासंग बोलशील तिथं? लाटाईसंग?"

हे 'गेलो' त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. आदल्या वर्षी छातीत कळ येऊन ते नागपूरला दवाखान्यात पडून आले होते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जिने चढू नका म्हणाले आणि पुढचं काही बोललेच नाहीत. ते न बोललेलं वासुदेवरावांना बरोबर कळलं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच घोर होता. आपल्यामागे एखाद्या सकाळी शकुंतलाचं दार उघडलं नाही, तर बाहेरून हाक मारणारं कोणीतरी हवं. म्हणजे आता घर शोधायचं नाही, शेजार शोधायचा.

भंडाऱ्याच्या कॉलनीत तसा शेजार एकेकाळी होता. जिल्हा परिषदेच्या बाबूंची ती कॉलनी, कुंपणाच्या भिंतीवरून भाजीच्या वाट्या दिवसभर इकडून तिकडे जात. मग गोंदिया वेगळा जिल्हा झाला. निम्मी कचेरी तिकडे गेली, तिच्यामागे निम्मी कॉलनी गेली. जे राहिले त्यांनी हळूहळू भिंती उंच केल्या आणि वर काचा लावल्या. शकुंतलाबाई मुलखाच्या बोलक्या, पण बोलायला माणूस उरलं नाही, म्हणून त्या नळाशी बोलू लागल्या. ते वासुदेवरावांना ऐकवत नसे, पण तोंडाने म्हणायचे, "नळ काय म्हनते मंग?"

समुद्र नाही तर नाही, निदान पाणी तरी देऊ, असं ठरवून त्यांनी वैनगंगेच्या काठची गावं धुंडाळायला घेतली. धरण झाल्यापासून नदी अशी पसरली होती की दुपारच्या उन्हात पलीकडचा काठ दिसत नसे. जागा पारखायची त्यांची स्वतःची एक रीत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता. कोणत्याही घरापुढे उभं राहायचं आणि प्यायला पाणी मागायचं. कारध्याला पाणी ग्रिलच्या गजांतून बाहेर आलं. वरठीच्या रस्त्यावर घरातली बाई "फ्रीजचं देऊ का साधं?" असं विचारून आत गेली ती गेलीच. दोन्हीकडे वासुदेवराव पिशवी उचलून म्हणाले, "चाल, हे आपलं नाई."

नव्या बेलझरीत पाणी मागावंच लागलं नाही.

जुनी बेलझरी धरणाच्या पाण्याखाली गेली होती आणि तिची माणसं वर माळावर वसवली होती. त्यातली शेवटची गल्ली पाण्याला लागून. गल्लीत शिरताच शकुंतलाबाई थबकल्या. रस्ता एका बाजूने होता, पण रस्त्याकडे एकाही घराचं दार नव्हतं. सगळी दारं पाण्याकडे. ओट्याओट्यावर म्हातारी माणसं पाण्याकडे तोंड करून बसलेली, पाण्याकडेच मान हलवून हसत होती, जणू समोरच्या घरातलं कोणी बोलत होतं. समोर घर नव्हतं. पाणी ओट्याच्या पायऱ्यांना टेकलेलं होतं आणि त्यावर वारा असून तरंग नव्हता.

पहिल्या ओट्यावरची म्हातारी उठली. तिच्या हातात पाण्याने भरलेले दोन गडवे होते. ते आधीच भरून ठेवलेले होते.

"या जी," ती म्हणाली. "लय उशीर केला तुमी."

ही धुरपताबाई. वासुदेवराव गडवाभर पाणी घटाघटा प्याले आणि इतके खूश झाले की उशीर कशाला झाला, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. धुरपताच्या आणि पलीकडच्या धनीरामच्या घरांच्या मध्ये एक जोतं नुसतंच बांधून पडलेलं होतं. धनीराम त्यांना ते दाखवायला घेऊन गेला. गाव वर आलं तेव्हा लोकांनी घरांचा क्रम मोडला नव्हता, असं त्याने सांगितलं. खाली जो डाव्या हाताचा शेजारी, तो वरही डाव्या हातालाच.

"मंग हे जागा कोनाची?"

"तुळसाबाईची. आमची शेजारीन. एकटीच होती बिचारी."

वर येताना प्रत्येक घराने जुन्या चुलीतला विस्तव मडक्यात घालून आणला होता. जुन्या विस्तवावर नवी चूल पेटली म्हणजे घर तेच राहतं, असं बेलझरीचं मानणं. तुळसाबाईने भांडीकुंडी वर आणून ठेवली आणि विस्तव आणायला ती परत खाली गेली. त्याच रात्री पाणी चढलं. तिचा पुतण्या तुमसरला गिरणीत कामाला होता, त्याला या जागेचं काही पडलेलं नव्हतं. तो खुशीने विकेल, असं धनीराम म्हणाला.

"म्हंजे तुळसाबाई वारल्या," वासुदेवराव हळहळले.

"खाली हाये," धनीराम म्हणाला. एखादी बाई बाजाराला गेली आहे हे सांगावं, तसं.

गावच्या लोकांची बोलायची पद्धत, असं म्हणून वासुदेवरावांनी ते सोडून दिलं. उभा जन्म सरकारी फायलींत घालवलेला माणूस, भुताखेतांना तो कशाला भीक घालतो! ते काठीने जोत्याची लांबीरुंदी बघत होते तेव्हा तिकडे ओट्यावर धुरपता आणि शकुंतलाबाई डोक्याला डोकं लावून बोलत होत्या. पहिल्याच भेटीत इतकं गूळपीठ! वासुदेवरावांना मनातून हसू फुटलं. परत जाताना त्यांनी विचारलं, "काय म्हनते मंग? पसंत?" बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "हो. हेच घ्या."

पुढच्या दिवाळीच्या आत घर उभं राहिलं. शेजार खरोखर सोन्यासारखा होता. सकाळी दोन्ही बाजूंनी हाका येत, "उठल्या का जी?" शकुंतलाबाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत आणि अखंड बोलत. नळाची आठवण कोणाला राहिली नाही. वासुदेवरावांना फार दिवसांनी गाढ झोप लागू लागली. आपण डाव जिंकला, असं त्यांना वाटे, आणि खरं तर तेव्हा त्यांनी जरा कमी खूश व्हायला हवं होतं.

दिवेलागणीला धुरपता आपल्या घरच्या भाजीची वाटी पाण्यात उतरणाऱ्या पायरीवर ठेवत असे. "तुळसाले वांगं चालत नाई, म्हनून आज सेंगा केल्या," असं जाता जाता सांगे. सकाळी वाटी तिथेच असे, घासलेली, आणि तिच्यात मूठभर शिंगाडे. मासे धरणाऱ्या ढीवरांची पोरं ठेवत असतील, असं वासुदेवरावांनी ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी अशी वाटी त्यांच्याच पायरीवर दिसली. ती धुरपताची स्टीलची वाटी नव्हती. काशाची, जड, कडेला हिरवट डाग पडलेली. आत उकडलेले काळे शिंगाडे होते आणि त्यांतून वाफ निघत होती. वासुदेवरावांनी इकडेतिकडे बघितलं. पाण्यावर होडी नव्हती, काठावर माणूस नव्हतं. एक शिंगाडा सोलून त्यांनी तोंडात टाकला. गोड होता, आणि त्याला लाकडाच्या धुराचा वास होता.

"कोन्या शेजारनीनं पाठवले वाटते," ते आत येऊन म्हणाले. "वाटी परत करा लागन. काय हाये घरात?"

"राहू द्या ना. तशीच ठेवून द्या पायरीवर," शकुंतलाबाई म्हणाल्या, पण वर न बघता.

"रिकामी? शेजाऱ्याची वाटी का रिकामी परत करते कोनी?" वासुदेवरावांना रागच आला. उभ्या आयुष्यात त्यांच्या घरातून कोणाचं भांडं रिकामं गेलं नव्हतं. कॉलनीत तर यावर त्यांनी भाषणं दिलेली. घरात चिन्नोर तांदळाची खीर होती. ती त्यांनी स्वतःच्या हाताने काठोकाठ भरली आणि वाटी पायरीवर नेऊन ठेवली. शकुंतलाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. जेवून बाहेर येतात तो वाटी नव्हती.

दुपारी धुरपता आली. ओट्यावर न बसता खाली उभीच राहिली.

"वाटी आली होती ना जी? कोनी भरली? बाईनं का तुमी?"

"मी," वासुदेवराव ऐटीत म्हणाले.

धुरपताने शकुंतलाबाईंकडे बघितलं. त्या सुपातले खडे वेचत होत्या, मान खाली.

"मंग शेजार लागला," धुरपता म्हणाली. "आमी आमची वाटी ठेवतो, आमचीच वाटी परत येते. हिशेब तिथंच मिटते. पन तिनं तुमाले तिचं भांडं पाठवलं. रिकामं परत केलं असतं त ते समजली असती का हे लोक येनार नाईत. तुमी भरून देलं."

"येनार नाईत म्हंजे? कुठं?"

"तिनं तिची जागा तुमाले देली जी. तेबी रिकामी कशी परत करान? घरातलं एक मानूस तिच्या शेजाराले जाते." धुरपता रडत नव्हती, पण पदराने तोंड पुसत होती. "लय वर्सं एकटी हाये ते."

वासुदेवराव तिच्यावर इतके ओरडले की त्यांच्या छातीत दुखू लागलं. गावंढळ, अडाणी, माणसाला भिववायचे धंदे! धुरपता मुकाट ऐकून घेऊन गेली. तरीसुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळीच ते सामान हलवायला टेम्पो ठरवायला भंडाऱ्याला गेले. भीत नाही म्हणणारा माणूस टेम्पो कशाला ठरवतो, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

उन्हं कलायच्या आधी ते परतले. घरात शकुंतलाबाई नव्हत्या. मागून आवाज आला म्हणून ते पाण्याच्या बाजूला गेले. बाई शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या, पाऊलभर पाण्यात, आणि हसत होत्या. हसणारा आवाज त्यांच्या एकटीचा नव्हता. दुसरा आवाजही कुठल्याशा बाईचाच होता, घोगरा, धूर नाकातोंडात गेल्यासारखा मध्येच खोकणारा. काठापासून थोडं पुढे, स्थिर पाण्यातून, धुराची बारीक रेघ वर येत होती. कोणाच्या तरी घरी चूल पेटली होती.

"शकुंतला!"

आवाज थांबला. बाईंनी मागे वळून बघितलं.

"आले का? भात टाकला हाये, जेवून घ्या."

"कोनासंग बोलत होती?"

"तुळसाबाईसंग. इचारत होती, दोघातून कोन येते म्हनून."

वासुदेवराव भिंतीला धरून पायरीवर उतरले. "आन् तू काय सांगतलं?"

"मी येते म्हनलं."

ते तसेच चपलांसकट पाण्यात शिरले, गुडघ्यापर्यंत. "ओ तुळसाबाई!" त्यांचा आवाज चिरकला. "मले न्या! वाटी मी भरली! माहं तसंबी भरत आलं हाये, हिले काहून नेता?" पाणी हललं नाही. धुराची रेघ तशीच सरळ राहिली. पाण्याखालून चिमटा चुलीवर आपटल्याचा आवाज आला, कामात असलेल्या बाईने आता बोलायचं नाही असं ठरवावं, तसा.

"शब्द घेतला तिनं," शकुंतलाबाई म्हणाल्या. "या वर. औषध घ्यायची वेळ झाली तुमची."

"अवं, मी तुह्यासाठी पाह्यला हा शेजार!" म्हातारा आता उघड रडत होता. "माह्या मागं तू एकटी राहू नये म्हनून. मले रात्र रात्र झोप नव्हती."

"मले मालूम हाये. पन मी राह्यली असती जी. नळासंग बोलून राह्यलीच ना इतके वर्सं?" बाईंनी हात देऊन त्यांना पाण्यातून वर ओढलं आणि आपल्या शेजारी बसवलं. "तुमचं काय? तुमाले आपल्या गोळ्या कुठं ठेवल्या ते माहीत नाई. मी दोन दिवस माहेरी गेली त तुमी जेवत नव्हते. त्या दिवशी तुमी धनीरामसंग जोतं पाहत होते, तेवा धुरपतानं मले सगळं सांगतलं. वाटीचं, जागेचं, सगळं. मी म्हनलं, माह्या मागं ह्यायले पाहशीन का? ते हो म्हनली, मंगच मी हेच घ्या म्हनलं. वाटी रिकामी गेली असती त दोघंबी राह्यलो असतो, पन तुमी भरून देली."

छातीत कळ आल्यापासूनची सगळी गणितं वासुदेवरावांनी हिच्यासाठी मांडली होती, आणि एकातही त्यांनी स्वतःला मागे उरलेलं धरलं नव्हतं. रिकाम्या घरात आपण बसलो आहोत, हे त्यांना आत्ता पहिल्यांदा दिसलं, आणि त्यांना पाण्यातल्या कशाहीपेक्षा त्याची भीती वाटली.

"मले एकट्याले नाई जमत वो," ते म्हणाले. "खरंच नाई जमत."

"म्हनून त," बाई म्हणाल्या आणि उठू लागल्या. वासुदेवरावांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"सोडा. भात लागून राहिला आतमंदी."

"लागू दे," वासुदेवराव म्हणाले, आणि मनगट सोडलं नाही.